सारजाबाईंची दुधाची वाटी

मित्रांनो, मी मेंढरं राखणारा एक जुना कुत्रा आहे. माझे नाव चांद्या. पालीच्या धरणावरच्या माळावर आसारामचा कळप चरतो, तो मी राखतो. त्याची आई सारजाबाई. मी पिल्लू असताना तिनेच मला पदरात घालून आणले. शेळी पिळली की पहिली वाटी माझी असे. मी दूध पीत असताना ती पाठीवरून हात फिरवी.

मी मोठा झालो आणि काहीतरी बिघडले. दूध प्यायलो की पोटात गुरगुर होई, कळ येई. मला बसवत नसे, उभे राहवत नसे. जागच्या जागी गोल फिरे आणि मग बाभळीआड धावे. तरी दुसऱ्या दिवशी वाटी चाटूनपुसून साफ करी. मला तो हात हवा असे. दुधानेच पोट दुखते, हे मला कुठे ठाऊक?

एका दुपारी मी असाच बाभळीआड होतो. तेवढ्यात लांडगा आला. मी धावत पोहोचलो तेव्हा एक कोकरू गेले होते. त्याची आई माळभर ओरडत हिंडत होती.

आसाराम संतापला. "हे कुत्रं कामाचं न्हाई राहिलं. बाजारच्या दिवशी केजला सोडून येतो."

"अरे, अशक्त झालंय ते," सारजाबाई म्हणाली आणि तिने वाटी काठोकाठ भरली. माझे पोट आणखी बिघडले. बाजार चार दिवसांवर आला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंजुषा डॉक्टर मेंढरांना लस टोचायला आल्या. माझे गोल फिरणे त्यांना दिसले.

"याला खायला काय देता?"

"भाकर, अन् सकाळ-संध्याकाळ दूध. लई जीव हाय माझा त्याच्यावर."

"आजी, दूध बंद करा. मोठ्या झालेल्या पुष्कळ कुत्र्यांना दुधातली साखर पचत नाही."

सारजाबाई दुखावली. "दूध तर लेकराला चालतं, देवाला चालतं. यालाच कावून न्हाई?"

"त्याचं पोट तसंच आहे. एखाद्याला चमचाभर बिनसाखरेचं दही सोसतं, पण याला सध्या तेही नको. खवा-पेढा तर कधीच नको. आठ दिवस साधी भाकरी, पाणी द्या आणि बघा."

"आठ दिवस बघू," आसाराम म्हणाला. बाजाराचा दिवस तसाच गेला.

वाटी बंद झाली आणि सारजाबाईही माझ्याकडे येईना. रिकाम्या हाताने कसे यावे, हे तिला कळत नसावे. मी दारापाशी येरझाऱ्या घाली, कुंई कुंई करी. चौथ्या दिवशी ती आली, शेजारी बसली आणि नुसताच हात फिरवला.

पोटातली कळ थांबली. आठव्या दिवशी मी दिवसभर कळपाभोवतीच होतो. परत येताना आसाराम पुढे चालला आणि त्याने एकदाही मागे वळून पाहिले नाही. कळपामागे मी होतो.

कोकरू गेलेली ती मेंढी मात्र अजून माझ्याजवळ चरत नाही. तिच्याकडे पाहिले की माझा जीव थाऱ्यावर राहत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादे मुके जनावर असेल. तुम्ही मायेने द्याल ते आम्ही नाकारत नाही, पोट दुखले तरी नाही. म्हणून वाटी पुढे ठेवल्यावर लगेच निघून जाऊ नका. थोडा वेळ थांबा आणि आमच्याकडे बघा.