कोपऱ्यातल्या सह्या

गॉर्डनचा पहिला गुद्दा ब्रेंटच्या नाकावर बसला आणि दुसरा मागच्या फळ्यावर. फळा खिळ्यासकट खाली आला, पिवळ्या चिठ्ठ्या खोलीभर उडाल्या. गॉर्डन त्काचुक अठ्ठावन्न वर्षांचा, हॅमिल्टनमधल्या त्या कंपनीत सव्वीस वर्षं कामांचं नियोजन करणारा. त्याने कधी कोणावर आवाज चढवल्याचंही कोणाला आठवत नव्हतं.

वाद तसा साधा होता. पत्रा दाबणाऱ्या यंत्रांचं सॉफ्टवेअर लिहायचं नवं काम आलं होतं आणि ते कुठल्या पद्धतीने आखायचं, एवढंच त्या सकाळी ठरायचं होतं. ब्रेंट कोलियर, चौतिशीचा नवा मॅनेजर, दोन-दोन आठवड्यांच्या खेपा मागत होता. दर खेपेच्या पहिल्या सोमवारी फळ्यावर कामांच्या चिठ्ठ्या लावायच्या, ज्या चिठ्ठीला जास्त मतं ते काम आधी, उरलेलं पुढच्या खेपेला. गॉर्डनला आधी पूर्ण आराखडा हवा होता.

"यंत्र थांबवायचं काम आधी. ते तपासून झाल्याशिवाय यंत्र हलवणारी एक ओळ लिहायची नाही," तो म्हणाला.

"आजोबा, तुमचा आराखडा होईस्तोवर गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दारात जाऊन बसेल!"

चारजण हसले. गॉर्डनने खिशातून एक जुनी चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. 'जाळीचं दार उघडताच यंत्र थांबावं.' जो काम पुढे ढकलेल त्याने चिठ्ठीच्या कोपऱ्यात सही करायची, असा त्यांचा नियम होता. या कोपऱ्यात सहा सह्या होत्या. सहाही गॉर्डनच्या.

त्या जुन्या कामात गिऱ्हाइकाला पडद्यावर रंगीत आलेख हवे होते, आणि खेपांची पद्धत गॉर्डननेच हौसेने आणली होती. सातव्या खेपेत तो चाचणीसाठी कारखान्यात उभा असताना रॉय नावाच्या कामगाराने अडकलेला पत्रा काढायला यंत्राभोवतीच्या जाळीचं दार उघडून हात आत घातला. यंत्र थांबलं नाही. हाडं पिचल्याचा आवाज झाला, मग रॉयची किंकाळी. गॉर्डनने त्याला कमरेला धरून ओढलं. रॉय सुटला, पण हातमोजा आतच राहिला आणि मोज्यात बोटंही. रक्ताची चिळकांडी गॉर्डनच्या तोंडावर उडाली. वर्ष झालं, तरी दाढी करताना त्याला ती चव येत असे.

"माहितीये सगळं," ब्रेंट म्हणाला. "एका माणसाची बोटं गेली, त्याचं किती दिवस भांडवल करणार?"

तेव्हा तो गुद्दा बसला. खरं तर वर्षभर गॉर्डनला तो स्वतःलाच घालायचा होता.

ब्रेंट तरणा होता. नाक पुसून उठला आणि त्याने गॉर्डनला टेबलावर आपटलं. बरगडीत एक लाथ, मग दुसरी. गॉर्डनने हाताला लागलेली खुर्ची फिरवली. ती खिडकीच्या काचेवर गेली. ब्रेंटने त्याचा उजवा हात पाठीमागे पिरगळला, खांद्यात कडकन आवाज झाला.

"सोड! मरेल तो!" नोरीन ओरडली. सॉफ्टवेअर तपासणारी नोरीन गॉर्डनची जुनी सोबतीण. तिने ब्रेंटला कॉलर धरून मागे खेचलं.

पहारेकरी आले. "गॉर्डन, चल बाबा. नोकरी गेली रे तुझी," त्यांतला म्हातारा हळूच म्हणाला. गॉर्डनने मान हलवली.

नोरीनने फळा भिंतीला टेकवून उभा केला. जमिनीवरची ती जुनी चिठ्ठी उचलली, ब्रेंटच्या रक्ताने माखलेल्या बोटांनीच सगळ्यात वर लावली.

"ती पुढच्या खेपेला घेऊ," नाकाला रुमाल दाबत ब्रेंट म्हणाला.

"घेऊ की. कर सही." नोरीनने पेन पुढे केलं.

ब्रेंटने पेन घेतलं. चिठ्ठीपाशी गेला आणि वाकून त्या सहा सह्या बघत राहिला. मग त्याने पेनाला टोपण लावलं आणि ते टेबलावर ठेवून दिलं.

दारामागचा कोट गॉर्डनने डाव्या हाताने काढला. उजवी बाही काही केल्या चढेना. नोरीन आली, तिने बाही धरली आणि त्याचा हात हळूहळू आत सरकवला.