तिसरा धोटा

तांडापेठेतल्या त्या गल्लीत आता एकच हातमाग उरला होता, बाबनरावांचा. समोरच्या खोलीत खड्ड्यात पाय सोडून बसायचा जुना माग, आणि त्यावर टसरची करवतकाठी साडी. या साडीचा काठ मधल्या कापडाला जिथे भिडतो तिथे करवतीसारखे दाते येतात. ते दाते धरायला आडवा धागा नेणारे तीन धोटे लागतात, एक मधल्या कापडाचा आणि दोन काठांचे. दोन धोटे विणकर टाकतो. तिसरा टाकायला शेजारी दुसरं माणूस बसावं लागतं. बाबनरावांच्या शेजारी एकतीस वर्षं त्यांची बायको रुख्माबाई बसत आली होती.

त्यांचा एकुलता एक मुलगा चेतन मागावर बसला नाही. बाबनरावांनीच बसू दिलं नाही. आयटीआय करून तो बुटीबोरीला रसायनांच्या एका कंपनीत लागला. लग्न झालं उमरेडच्या धनश्रीशी. तिचेही आजोबा विणकर होते, पण वडिलांनी माग मोडून किराणा दुकान टाकलं होतं, त्यामुळे तिला मागाची सवय नव्हती. दिवसभरच्या खटक्-खट् आवाजानं तिचं डोकं दुखायचं. समोरची खोली सगळी मागानं खाल्लेली. पाहुणा आला तर त्याला पलंगावर बसवावं लागे. लग्नाला तीन वर्षं झाल्यावर तिनं चेतनच्या मागे लकडा लावला की बुटीबोरीलाच खोली घेऊ. चेतन हो म्हणेना आणि नाहीही म्हणेना.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी दुपारी अडीच वाजता कंपनीत स्फोट झाला. चार माणसं गेली. चेतन त्यांतला एक.

शेजारचे वामनराव बातमी घेऊन आले तेव्हा बाबनराव विणत होते. धोटा उभ्या धाग्यांत, ताण्यातच अर्ध्यावर सोडून ते उठले आणि चप्पल न घालता बाहेर पडले.

चौघांची ओळख पटत नव्हती. बाबनरावांचं रक्त तपासणीला घेतलं. नवव्या दिवशी चेतन घरी आला तो खिळे मारलेल्या पेटीत. पेटी उघडू नका, असं सोबत आलेल्या माणसानं सांगितलं. कोणी उघडली नाही. गंगाबाई घाटावर पेटीसकटच अग्नी दिला.

तेरावा झाला, पाहुणे गेले, आणि घरातलं बोलणं थांबलं. बाबनरावांचे हात थरथरू लागले होते. चहाचा कप दोन्ही हातांनी धरला तरी बशीत सांडायचा. ते पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडत. डॉक्टर म्हणाले, धक्का आहे, वेळ लागेल. धनश्री आतल्या खोलीत मोबाइल उशाशी घेऊन बसायची. रुख्माबाई दोन वेळा स्वयंपाक करायची, दोघांपुढे ताटं ठेवायची आणि तशीच उचलायची.

मार्चमध्ये चौकशीचे दोन अधिकारी आले. चेतन घरी कंपनीबद्दल काही बोलायचा का, असं त्यांनी धनश्रीला विचारलं. तिनं तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. ओठ नुसते हलत राहिले. अधिकाऱ्यांनी पाच मिनिटं वाट पाहिली, कागदावर काहीतरी लिहिलं आणि ते गेले.

माग तसाच उभा होता. त्यावरचा ताणा सैल करायचंही कोणाला सुचलं नव्हतं. मे महिना लागला. पारा पंचेचाळिसाच्या वर गेला आणि कोरड्या हवेत ताणलेले धागे तुटू लागले. दुपारी सगळी गल्ली चिडीचूप असताना समोरच्या खोलीतून बारीकसा आवाज यायचा. एक धागा गेला. थोड्या वेळानं आणखी एक. तिघंही आपापल्या जागी पडून ते ऐकत होते आणि कोणी उठत नव्हतं.

पाचव्या की सहाव्या दिवशी रुख्माबाई उठली. तिनं गोणपाट ओलं करून खिडकीला टांगलं, जमिनीवर पाणी शिंपडलं आणि चष्मा लावून तुटलेले धागे एकेक करून जोडायला बसली. संध्याकाळपर्यंत बावीस धागे जोडून झाले. दुसऱ्या दिवशी ती बाबनरावांच्या जागेवर, खड्ड्यात पाय सोडून बसली. नवऱ्याच्या जागेवर ती आयुष्यात पहिल्यांदा बसत होती. तिनं आत हाक मारली.

"धनश्री, इकडं ये वं."

धनश्री दारात येऊन उभी राहिली.

"तो तिसरा धोटा घे. माह्या बाजूले बस."

"मले नाई येत."

"मले तरी कुठी येते? मी बी या जागेवर कधी बसली नाई. बस."

धनश्री बसली ती सासूचं मन राखायला नव्हे. आतल्या खोलीतली भिंत पाहून पाहून ती थकली होती, एवढंच.

पहिले चार दिवस नुसता घोळ झाला. धनश्रीचा धोटा उशिरा यायचा, काठाचा धागा मधल्या धाग्यात अडकायच्या आधीच धागा ठोकून बसवणारी रुख्माबाईची फणी पडायची आणि तिथे भोक राहायचं. उकलायचं, पुन्हा टाकायचं. दात्याची मोजणी चुकायची. अशा कामात बोलल्याशिवाय भागत नाही. "टाक." "थांब." "आता." "सोड." अडीच महिन्यांत त्या दोघींनी एकमेकींशी जेवढे शब्द उच्चारले नव्हते तेवढे एका सकाळी उच्चारले. त्यांत चेतनचा विषय कुठेच नव्हता, म्हणूनच ते तोंडातून निघत होते.

पाचव्या दिवशी दारापलीकडच्या पलंगावरून बाबनरावांचा आवाज आला.

"फणी हलकी मारून राहिली तू. कापड झिरझिरीत होईन."

दोघींचे हात थांबले. ते भिंतीकडेच तोंड करून पडलेले होते.

"मंग सांगा नं, कशी मारू," रुख्माबाई म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता, जणू ते काल रात्रीही तिच्याशी बोलले होते.

"दोनदा मार. पहिली हलकी, दुसरी जोरानं. आन पोरीले म्हणा, धोटा फेकू नको. सरकव."

त्या दिवसापासून ते पडल्यापडल्या कानानं विणू लागले. आवाजावरून त्यांना कळायचं की धागा सैल आहे, धोट्यातली धाग्याची कांडी संपत आली आहे, पाय खड्ड्यातल्या चुकीच्या पट्टीवर पडला आहे. आठवड्याभरात ते उठून मागाजवळच्या स्टुलावर येऊन बसले. हात थरथरतच होते. एकदा त्यांनी धोटा घेऊन पाहिला, तो ताण्यात वेडावाकडा शिरून सात धागे तुटले. त्यांनी तो गुपचूप खाली ठेवला आणि पुन्हा हातात घेतला नाही. पण तुटलेले धागे कुठे आहेत ते बोटानं दाखवत राहिले.

जूनच्या सुरुवातीला धनश्रीचा हात बसला. आता "टाक", "थांब" म्हणावं लागत नव्हतं. फणी पडली की तिचा धोटा निघे. अशाच एका दुपारी, बाबनराव वामनरावांकडे गेले असताना, ती मान वर न करता म्हणाली,

"आई, त्या दिवशी त्यायचा फोन आला होता."

रुख्माबाईनं तिच्याकडे पाहिलं नाही.

"दोन वाजून दहा मिनिटांनी. सकाळी भांडण झालं होतं आमचं, खोलीवरून. मी रागात होती. उचलला नाई."

फणी थांबली.

"मले माहीत आहे," रुख्माबाई म्हणाली. "मी ओट्यापाशी होती. वाजून वाजून बंद झाला. ऐकलं मीनं."

"मंग इतके दिवस तुमी काही म्हटलं काहून नाई?"

रुख्माबाई काठाच्या दात्यावरून बोट फिरवत राहिली.

"काय म्हणू? मले तं तेव्हा बरं वाटलं होतं. म्हटलं, भांडले तं भांडू दे. खोलीचं राहून जाईन. पोरगं घरातच राहीन." तिनं बोट काढून घेतलं. "असं वाटलं मले. आन वीस मिनिटांनी तो गेला."

धनश्रीला वाटत होतं की सासू आपल्याला दोष देते. इतके दिवस तिनं त्या दोषाचं ओझं एकटीनं वाहिलं होतं. आता तिला कळलं की शेजारच्या खोलीत दुसरं कोणीतरी तेवढंच ओझं घेऊन बसलेलं होतं. चेतन गेल्यापासून तिच्या डोळ्यांतून पाणी आलं नव्हतं. ते आता आलं, आणि थांबेना.

रुख्माबाई तिला तुझा दोष नाही असं म्हणाली नाही. धनश्रीनंही तिला तसं म्हटलं नाही.

"ताण्यावर पाणी पडून राहिलं," रुख्माबाई हळूच म्हणाली. "इकडं ये." आणि तिनं सुनेचं डोकं आपल्या खांद्याकडे ओढून घेतलं.

बाबनराव परतले तेव्हा दोघी तशाच बसल्या होत्या. ते उंबऱ्यात उभे राहिले. मग स्टुलावर बसले आणि म्हणाले, "पेटी मी उघडाले पाह्यजे होती."

"उघडून काय पाह्यलं असतं तुमी?"

"पोरगं," ते म्हणाले. "जसं असन तसं."

त्या दिवशी पुढे विणकाम झालं नाही. पण रात्री तिघं एकत्र जेवली. चेतनला भरल्या वांग्यातली वांगी नको असायची, नुसता रस्सा लागायचा, असं धनश्री म्हणाली. बाबनराव म्हणाले, लहानपणापासूनच. फेब्रुवारीनंतर त्या घरात त्याचं नाव पहिल्यांदाच जेवणाच्या ताटावर आलं.

साडी जुलैच्या शेवटी मागावरून उतरली. ती उलगडून पाहिली तेव्हा तिच्यात तीन हात स्पष्ट दिसत होते. सुरुवातीला बाबनरावांचं घट्ट, एकसारखं कापड. मग एक आडवी रेघ, जिथे तो धोटा अर्ध्यावर राहिला होता. तिच्यापुढे वीतभर नुसता गोंधळ, कुठे भोक, कुठे वाकडा दाता. आणि तिथून पदरापर्यंत हळूहळू सावरत गेलेला काठ. धरमपेठेतल्या एका दुकानाची ती मागणी होती. बाबनरावांनी दुकानात निरोप पाठवला की ही साडी मिळणार नाही, दुसरी विणून देऊ.

ऑगस्टमध्ये चौकशीची तारीख आली. सिव्हिल लाइन्समधल्या सरकारी कचेरीत मृतांच्या घरच्यांचे जबाब होणार होते. सकाळी रुख्माबाईनं ती साडी सुनेपुढे ठेवली.

"नेस."

"लाल काठाची? लोकं काय म्हणतीन?"

"म्हणू दे. तू बोलाले चालली. लपाले नाई."

कचेरीतल्या खोलीत पंखा होता, लांब टेबल होतं आणि कंपनीच्या बाजूनं एक वकील होता. धनश्री उभी राहिली तेव्हा मार्चमधल्यासारखेच तिचे ओठ नुसते हलले. तिनं काठ मुठीत धरला आणि वाट पाहिली. मागावर ती एवढं तर शिकली होती, की चुकलं तर थांबायचं, उकलायचं आणि पुन्हा टाकायचं.

मग ती बोलली. आठ दिवसांपासून एक वॉल्व्ह गळत होता. चेतननं दोनदा सुपरवायझरला सांगितलं होतं. रोज जेवताना तो घरी हेच सांगायचा. नाकातोंडाला वास चढतो म्हणायचा.

"तुम्ही स्वतः पाहिलं का?" वकिलानं विचारलं.

"नाही. मी ऐकलं. ते रोज सांगत होते."

"घरी काही ताण होता का? त्या दिवशी तुमचं भांडण झालं होतं, असं त्यांच्या सोबतच्या कामगारांकडून आम्हाला कळलंय. माणसाचं मन थाऱ्यावर नसलं की कामात चूक होते."

मागच्या बाकावर रुख्माबाईनं नवऱ्याचा हात धरला.

"झालं होतं भांडण," धनश्री म्हणाली. "त्यांचा फोन आला, तो मी उचलला नाही. ते काय सांगणार होते ते मला आता कधीच कळणार नाही. ते माझं मी भोगते. पण भांडणानं वॉल्व्ह गळत नाही, साहेब."

ती वीस मिनिटं बोलली. लिहिणाऱ्या कारकुनाला दोनदा सांगावं लागलं की ताई, जरा सावकाश. चौकशीचा निकाल त्या दिवशी लागला नाही, अजूनही लागलेला नाही.

बाहेर कडुनिंबाखाली तिघं पाणी पीत उभी असताना एक बाई जवळ आली. तिशीची असेल, अंगावर फिकट पंजाबी ड्रेस. तिचं नाव हर्षा. तिचा नवराही त्याच पाळीत होता, गेलेल्या चौघांतला एक. ती खापरखेड्याला माहेरी राहत होती. आतमध्ये तिचं नाव पुकारलं गेलं तेव्हा ती उठली होती आणि काही न बोलता परत बसली होती. तिनं धनश्रीच्या पदराला हात लावून पाहिला, आणि मग त्या वीतभर गोंधळाला.

"हे असं काहून आहे?"

"तिथी मी शिकून राहिली होती," धनश्री म्हणाली.

हर्षा तो तुकडा बोटांत धरून उभी राहिली. "मले रात्रंदिवस काही सुचत नाई," ती म्हणाली. "टीव्ही लावते, बंद करते. माय म्हणते बोल, तं काय बोलू?"

धनश्रीनं सासूकडे पाहिलं. रुख्माबाईनं हर्षाला घराचा पत्ता सांगितला, पाचपावलीच्या पुलापासून कसं यायचं तेही सांगितलं.

"मले यातलं काहीच येत नाई," हर्षा म्हणाली.

"कांड्या भराले काही येणं नाई लागत," बाबनराव म्हणाले. "नुसतं बसणं लागते."

पुढच्या सोमवारी सकाळी दहाच्या आत ती आली. बसला गर्दी होती म्हणाली. जेवणाचा डबा घरूनच घेऊन आली होती. नवा ताणा चढवायचं काम चाललं होतं. बाबनरावांनी तिच्यासमोर चरखा सरकवला, धागा कांडीवर कसा गुंडाळायचा ते थरथरत्या हातांनी एकदा दाखवलं, आणि ती खाली मान घालून कामाला लागली.