कॉलरच्या आतली माळ

“हसून म्हणा. चेहरा पडलेला नको,” संजना मॅडम म्हणाल्या. “आय अ‍ॅम हिअर टू रिअ‍ॅशुअर यू. चला, पुन्हा.”

हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये बसलेल्या बायकांनी एका सुरात वाक्य म्हटलं. मनीषाची जीभ ‘रिअ‍ॅशुअर’ या शब्दावर अडखळली. चौकशीच्या खिडकीत बसून तिची वर्षं गेली होती, पण हा शब्द तिथे कधी लागला नव्हता. आता मालक बदलले, भिंतींचा रंग बदलला आणि संजना मॅडमबरोबर शब्दही नवे आले.

“मॅडम, म्हणजे धीर द्यायचा ना?” तिने विचारलं.

“धीर कोणीही देतं हो. आपण रिअ‍ॅशुअर करतो. नातेवाईक शांत बसले पाहिजेत. आरडाओरडा नको, पेशंट दुसरीकडे हलवायची भाषा नको.”

“आणि खरंच काळजीसारखं असलं तर?”

“तेव्हा तर जास्तच गोड बोलायचं.” मॅडमचं लक्ष तिच्या गळ्याकडे गेलं. “आणि ती माळ आत घाला. युनिफॉर्मवर बरी नाही दिसत.”

तुळशीची माळ मनीषाने कॉलरच्या आत ढकलली. ती माहेरी, सिन्नरला, बुवांच्या हातून घातलेली होती.

घरी भाकऱ्या थापताना ती तो शब्द घोळवत राहिली. तिचा नवरा भिकन अंबडच्या कंपनीतून दमून आला होता, दारातच थबकला.

“कोणाला शिव्या देतेस गं?”

“शिव्या नाहीत. काळजीतल्या माणसाला शांत करायचा शब्द आहे.”

“मग माझ्या सुपरवायझरला कर की एकदा!”

ती हसली. शब्द शिकायची तिला लाज नव्हती. कीर्तनात बसून बसून तिचे कान तयार झालेले होते. नवा शब्द आला की ती त्याचा अर्थ बुवांना थांबून विचारायची. बुवाही धीरच देत. पण ते आधी माणसाला त्याचं मरण उघडं करून दाखवत, आणि मग पाठीवर हात ठेवत. या शब्दात तो हात नेमका कुठे येतो, तेवढं तिला उमगत नव्हतं.

चारच दिवसांत पिंपळगावच्या कुसाबाई आल्या. नवऱ्याला, बहिरूकाकांना, पहाटे देवळात काकड्याला झटका आला होता. उजवं अंग लुळं पडलेलं, तोंड वाकडं झालेलं. पुतण्या सोमनाथने पिकअपमध्ये घालून आणलं. कुसाबाईंच्या पदरात अजून टाळ गुंडाळलेले होते.

“काकड्यात यांच्या हातातून टाळ पडला गं बाई. एवढे वर्स कधी नाय पडला. तो उचलला आन्‌ तशीच निघाले.”

आत धावपळ चालली होती. मेंदूचे डॉक्टर इंदूरला गेलेले, उद्या सकाळी येणार. त्यांच्यावाचून पुढचं इंजेक्शन द्यायला कोणी तयार नव्हतं, आणि ते वेळेत गेलं नाही तर हात-पाय कायमचे जाणार, हे आतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. बाहेर सोमनाथ फोन कानाला लावून येरझाऱ्या घालत होता. “काकू, मुंबई नाक्यावरच्या दवाखान्यात डॉक्टर बसेल हाय. गाडी उभीच हाय. काय करू, बोल ना!”

संजना मॅडमनी मनीषाला कोपऱ्यात घेतलं. “त्या बाईला रिअ‍ॅशुअर करा. सांगा, डॉक्टर निघालेत, अर्ध्या तासात पोचतील.”

“निघालेत?”

“मनीषाताई, बेड रिकामे जातायत आपले. मलाही वर उत्तर द्यावं लागतं. जा.”

ती गेली. शिकवल्यासारखी हसली. “मावशी, काळजी करू नका. मी तुम्हाला रिअ‍ॅशुअर करते. डॉक्टर निघालेत, अर्ध्या तासात येतील.”

शब्द या वेळी अजिबात अडखळला नाही. लोण्यासारखा घसरला.

कुसाबाई तो शब्द ऐकतच नव्हत्या. पाण्याचा ग्लास पुढे करायला मनीषा वाकली, तशी माळ कॉलरबाहेर आली होती आणि म्हातारीची नजर त्या माळेवर खिळली होती.

“माळकरी हायेस व्हय गं माय?” चेहऱ्यावरचा ताण एकदम उतरला. “सोमनाथ, राहू दे. गाडी ने घरी. ही बाई खोटं नाय बोलायची.”

आणि त्यांनी खाली वाकून मनीषाच्या पायांवर डोकं ठेवलं.

माळकरी पाया पडला की माळकऱ्याने उलट पाया पडायचं. थोरला-धाकटा, गरीब-श्रीमंत काही बघायचं नाही. मनीषाला हे कोणी शिकवावं लागलं नव्हतं; अंग आपोआप वाकलं. कुसाबाईंच्या भेगाळ पावलांवर कपाळ टेकलं आणि तिला वर उठता येईना. त्या पायांना देवळातल्या फरशीचा बुक्का अजून लागलेला होता.

तिथूनच, खाली मान घालून, ती म्हणाली, “मावशी, मी खोटं बोलले. डॉक्टर गावात नाहीत. उद्या येतील. काकांना न्या. आत्ता, या क्षणाला न्या.”

कुसाबाई पदर सावरत दाराकडे वळल्या. मग ओरडल्या, “सोमनाथ!”

स्ट्रेचर बाहेर जाताना मनीषाने स्वतः दार धरलं.

“मी तुम्हाला रिअ‍ॅशुअर करायला पाठवलं होतं,” मॅडम म्हणाल्या, “घाबरवायला नाही!”

“घाबरायचीच वेळ होती, मॅडम. गाडी परत चालली होती. तुमच्या शब्दावर नाही, या माळेवर विश्वास ठेवून!” आजवर खिडकीत कधी चढला नव्हता असा मनीषाचा आवाज चढला. लोक वळून बघायला लागले. “माणसाचा हात जातोय आणि आपण त्याच्या बायकोला गप्प बसवतोय! आणि त्याला नाव ठेवलंय गोड! माझ्या बुवांनी घातलेली माळ तुम्ही आत घालायला लावलीत, ते मी ऐकलं. पण तिच्या आड उभं राहून लबाडी करायची? माझ्याच्यानं व्हायची नाही.”

“मग उद्यापासून यायचीही गरज नाही.”

मनीषाने डबा उचलला. राग शब्दावर नव्हता. त्या बिचाऱ्या शब्दाच्या मुलखात कुणी आई तापलेल्या लेकराला धीर द्यायला तोच बोलत असेल. इथे आणून त्याला कुठल्या कामाला जुंपलं होतं, याने तिचं डोकं फिरलं होतं. ती बसस्टॉपवर जाऊन उभी राहिली तेव्हा माळ कॉलरवर तशीच होती.

पिंपळगावच्या सप्त्यात कुसाबाईंनी तिला निरोप धाडून बोलावलं. भिकनही आला. कीर्तनाला मंडप भरला होता. टाळकऱ्यांच्या रांगेच्या टोकाला बहिरूकाका खुर्चीत बसले होते. जीव वाचला होता, पाय हलत होता. उजवा हात मात्र मांडीवर तसाच पडलेला.

बायकांची बाजू सोडून कुसाबाई त्यांच्या शेजारी उभ्या होत्या. दोरीला धरून त्यांनी एक टाळ समोर स्थिर धरला होता. बहिरूकाका डाव्या हातातला टाळ त्यावर आणून मारत. ठोका जरासा उशिरा पडत होता.

मृदंगवाल्याने रांगेकडे एकदा पाहिलं आणि लय सावकाश केली.