राणीच्या किल्ल्यातला धडधडाट

मुलांनो, जरा डोळ्यांसमोर आणा. साडेतीनशे वर्षांपूर्वीचा किल्ला. त्यावर पाण्याचं एक खोल टाकं आणि टाक्याच्या तळाशी झोपलेला यक्ष. हातात दिवटी घेऊन राणी एकटीच पायऱ्या उतरतेय. आता सांगा, तुमच्या कानात कोणतं वाद्य वाजलं?

यशश्रीच्या कानात वाजला होता कॉम्प्युटरवरचा धडधडाट. सातवीच्या वर्गाने रामशेज किल्ल्यावर जाऊन या राणीवर नऊ मिनिटांचा सिनेमा केला, त्याचं संगीत तिने तीन आठवडे खपून लॅपटॉपवर रचलं होतं. आज चार वाजता त्याच लॅपटॉपवरून सिनेमा शाळेच्या सभागृहात पालकांना दाखवायचा होता. आणि तीन वाजता तिचा मित्र श्रेयस, म्हणजे सिनेमाचा दिग्दर्शक, म्हणाला, "हे नको गं. राणी काय मोबाईलवर गेम खेळतेय का? मी वणीच्या मामाचा संबळ रेकॉर्ड करून आणलाय."

यशश्रीचे कान तापले. "तेव्हा असलं संगीत नव्हतं म्हणून नको? मग तेव्हा यक्ष तरी होता का?"

"यक्ष नसेल, संबळ होता!"

"आणि हे मला आत्ता सांगतोस? एक तास आधी?"

चित्रकलेचे शामसुंदर सर पडदा बांधत होते. ते शिडीवरून सावकाश उतरले. "भांडून कळणार नाही. पहिलीची पोरं अजून वर्गात आहेत. अ तुकडीला संबळ ऐकवू, ब तुकडीला यशश्रीचं. एकाच तुकडीला दोन्ही नको, एकदा दचकलेलं पोर दुसऱ्यांदा तेवढं दचकत नाही. आणि तुम्ही दोघांनी पडद्याकडे बघायचं नाही. पोरांकडे बघायचं."

अ तुकडी बसली. राणी गडाच्या दारात आली, संबळ कडाडला, तशी पोरं ताठ झाली. "देवी आली!" कोणीतरी ओरडलं. पण राणी टाक्यात उतरू लागली तरी संबळ तसाच वाजत राहिला आणि पोरं जागच्या जागी नाचायला लागली. "लग्न कोणाचंय?" समाधान नावाच्या चिमुरड्याने विचारलं. श्रेयसने ओठ चावला.

साडेतीनला ब तुकडी आली. यशश्री भिंतीला पाठ लावून उभी राहिली. राणी दारात आली मात्र, दोघा पोरांनी बोटांच्या बंदुका करून "ढिश्यांव, ढिश्यांव" सुरू केलं. तिने नखं तळव्यात रुतवली. मग पायऱ्या आल्या. खालून, अगदी खालून, यशश्रीने रचलेला एकच सूर उठला. बंदुका खाली गेल्या. संजना नावाच्या मुलीने पाय हळूच बाकावर ओढून घेतले. कोणी खोकलंसुद्धा नाही.

शेवटी यक्ष राणीला गिळत नाही, तो तिच्या कानात स्वतःचं नाव सांगतो. यशश्रीने नेमका तिथेच सगळ्यात मोठा धडाका ठेवला होता. संजनाने शेजारणीला कोपराने ढोसलं. "काय म्हणाला गं तो?"

"काय माहीत. ऐकूच नाही आलं."

यशश्रीने हे ऐकलं. दुसऱ्या कोणाच्याच ते कानावर गेलं नाही.

श्रेयस धावत आला. "हरलो बाई मी! पायऱ्यांवर माझ्याच अंगावर काटा आला. तुझंच ठेवू, सगळंच्या सगळं."

फाटकापाशी पालकांच्या स्कूटर लागायला लागल्या होत्या. चार वाजायला दहा मिनिटं होती. तीन आठवड्यांचं काम जसंच्या तसं पडद्यावर जाणार होतं. गप्प बसलं तर कोणाला कळणारही नव्हतं.

यशश्री लॅपटॉपसमोर बसली. आधी तिने राणीच्या प्रवेशावरचं स्वतःचं संगीत काढलं आणि श्रेयसपुढे हात केला. "तुझा संबळ दे. दारापुरता." मग पायऱ्यांवरच्या सुराला धक्का न लावता ती पुढे सरकत यक्षाच्या कुजबुजीपाशी आली, तिथला धडाका निवडला आणि पुसून टाकला.