कुलूपवाल्याची घरगाडी

मी एक जुनी घरगाडी आहे. पुढून पाहाल तर ट्रक, मागून पाहाल तर खोली. माझ्या पोटात ओटा आहे, मोरी आहे, पलंग आहे आणि डोक्याशी छोटी छोटी कपाटं आहेत. मित्रांनो, मी माणसांवर पटकन विश्वास ठेवत नाही. ताकही फुंकून पिणाऱ्यांतली मी. का, ते ऐका.

माझं पहिलं आयुष्य एका माळीबुवांकडे गेलं. बागेतून सुट्टी मिळाली की ते आणि माळीणबाई मला घेऊन निघत. नदीकाठ असो की डोंगराचा पायथा, मी थांबले की बाई आधी माझ्या टेबलावर बशीभर पाणी ठेवत आणि गुणगुणत :

बशीतल्या पाण्या, नको कलू कडेला,
घर माझं टेकू दे जमिनीच्या मांडीला.

बुवा माझ्या चाकांखाली लाकडाचे दोन उतरते ठोकळे सरकवत. बशीतलं पाणी कडेपासून सारखं झालं, की मगच चहाचं आधण चढे. पुढे दोघांचे गुडघे थकले आणि मी जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडे आले. निघताना बाईंनी माझ्या दारावर हात फिरवला, जसा सासरी निघालेल्या लेकीच्या पाठीवरून फिरवतात.

त्या आवारात माझ्या चाकांत गवत शिरलं. शेजारच्या गाड्या तुकड्यातुकड्यांनी जात. आज एकीचं दार, उद्या दुसरीचं इंजिन. पाना घेऊन कुणी जवळ आलं की माझा पत्रा शहारे.

आणि एके दिवशी जे गिऱ्हाईक आलं, त्याच्या पिशवीत ड्रिल, पकड आणि स्क्रू! झालं, मी मनात म्हटलं, आता माझी पाळी.

पण त्यानं माझं काही काढलं नाही. उलट लावलं. तो होता कुलूपवाला. आयुष्यभर लोकांची बिघडलेली कुलपं पाहून त्याला उघडं दार म्हणजे चोर एवढंच ठाऊक. त्यानं माझ्या दाराला कुलूप ठोकलं, प्रत्येक कपाटाला कडी ठोकून कुलूप लावलं. पोटाखालच्या खणात ते दोन ठोकळे दिसले, तेव्हा म्हणाला, “हे कुणाच्या डोक्यात घालायला ठेवले होते?” आणि त्या खणालाही कुलूप घातलं.

“अहो, आतल्या मीठमिरचीला कुलूप कशाला?” त्याची बायको म्हणाली. ती बेकरीत काम करते. तिच्या हातांना पिठाचा वास येतो.

“व्यापारी फार गोड बोलला,” तो म्हणाला. “जुनी वस्तू आहे, काहीतरी लपवलेलं असणारच. या सहलीत खोट सापडली, तर सोमवारी परत. त्यानंच सांगितलंय, परत आली तर तो सरळ सुटे भाग करून विकणार.”

मित्रांनो, तेव्हा माझ्या टाकीतलं पाणीसुद्धा थिजलं.

अशी निघाली त्यांची पहिली सहल. सोबत होती मुलगी, जिला सगळे भिंगरी म्हणत, आणि कुलूपवाल्याची थोरली बहीण, भिंगरीची आत्या. आत्याबाईंच्या मांडीवर विणकाम आणि जिभेवर सुई. आम्ही तळ्याकाठी उतरलो. जागा देखणी होती, पण जमीन जराशी कललेली. मी वाट पाहत राहिले, आता कुणी बशी ठेवेल. कुणी ठेवली नाही. कुणाला माहीतच नव्हतं.

सकाळी पाहावं तर सगळे झोपेत घरंगळून एकाच कोपऱ्यात. “वहिनी, तुझं कोपर माझ्या बरगडीत!” आत्याबाई ओरडल्या.

“वन्सं, तुम्हीच रात्रभर मला भिंतीला चेपलंत.”

मग दूध नासलं. माझा फ्रिज गॅसवरचा, जुन्या घाटाचा. सपाटीवर उभी असेन तरच तो गार होतो. कुलूपवाल्याला वाटलं, व्यापाऱ्यानं मुद्दाम बिघडलेला फ्रिज गळ्यात मारला. मोरीतलं पाणी एका कडेला तुंबलं. त्याला वाटलं, नळीत काहीतरी दडवलंय. आत्याबाईंच्या लोकरीचा गुंडा पुन्हा पुन्हा पलंगाखाली जाऊन बसे.

“भिंगरे, गुंडा ओढू नकोस!”

“मी नाही ओढला, आत्या! तूच झोपेत विणतेस.”

आणि मग ते घडलं. ओट्यावरच्या कपाटाचं दार उघडं, आणि त्यावरचं कुलूप मात्र बंद! कललेल्या दारावर आतला गोल डबा रेलला होता आणि माझ्या जुन्या लाकडातून कडीचे स्क्रू निसटले होते. पण कुलूपवाल्यानं कुलूप पाहिलं, लाकूड पाहिलंच नाही.

“माझं कुलूप न तोडता उघडलं,” तो पांढरा पडून म्हणाला. “ज्यांची ही गाडी होती, त्यांची इथं काहीतरी चोरवाट आहे. किंवा...” त्यानं घरच्यांकडेही एकेक करून पाहिलं.

“माझ्याकडे काय बघतोस?” आत्याबाई कडाडल्या. “मी तुझ्या डब्यातली बिस्किटं चोरीन?”

त्यानं कडी पुन्हा ठोकली. गुंडा त्याच डब्यावर ठेवून कपाट बंद केलं आणि बायकोकडचं पीठ माझ्या साऱ्या जमिनीवर भुरभुरवलं. “आता पाऊल उमटू दे चोराचं.” दाराला कुलूप घालून तो सगळ्यांना तळ्यावर घेऊन गेला.

मी एकटी राहिले. डबा रेलला. स्क्रू कुरकुरले. मित्रांनो, मला हात असते तर मी ते दार धरून ठेवलं असतं. दार उघडलं, डबा तिथंच कडेला अडकला, पण गुंडा पडला आणि पिठातून एक सरळ रेघ ओढत कोपऱ्यात जाऊन बसला.

ओल्या केसांनी सगळे परतले. पिठात पाऊल नव्हतं. फक्त ती रेघ.

“बाई गं, चोराला पायच नाहीत!” आत्याबाई म्हणाल्या.

कुलूपवाल्यानं किल्ल्यांचा जुडगा ओट्यावर आपटला. “उद्याच परत. मला हिचा भरवसा नाही.”

बायकोनं सोबत आणलेल्या दुधाच्या भुकटीचा चहा केला आणि त्याच्यापुढे ठेवला. त्यानं रागानं कप ओढला, चहा बशीत सांडला. तो पुसायला भिंगरी वाकली आणि तशीच थांबली.

“बाबा, चहा एकाच कडेला का गेलाय?”

त्यानं बशी पाहिली. मग पिठातली रेघ पाहिली. चहा आणि रेघ, दोन्ही एकाच कोपऱ्याकडे निघाले होते. त्यानं बशी फिरवली. चहा पुन्हा तिकडेच.

“म्हणजे चोर उतार आहे,” भिंगरी म्हणाली.

“आणि ते ठोकळे!” बायको उठलीच. “डोक्यात घालायचे नव्हते हो, चाकाखाली घालायचे होते!”

पण त्या खणाची किल्ली? जुडगा केवढा! ही नाही, ती नाही. कुलूपवाला स्वतःच्याच कुलपापुढे घामाघूम झाला आणि आत्याबाईंनी तोंडाला पदर लावून लगेच जुळवलं :

कुलूपवाल्या भावा, किती लावशील कडी?
सरळ उभी कर आधी तुझी घरगाडी!

शेवटी खण उघडला. ठोकळे चाकांखाली गेले, आत्याबाई बशी धरून “अजून जरा... बास!” म्हणाल्या, आणि मी जमिनीच्या मांडीला टेकले. दिवस कलेपर्यंत फ्रिज गार झाला, मोरी मोकळी झाली.

तरी परतीच्या वाटेवर तो व्यापाऱ्याच्या आवाराशी थांबला. हातात पकड! माझं इंजिन धडधडलं.

“आणलीत ना परत?” व्यापारी हसला. “मला वाटलंच होतं.”

“नाही,” कुलूपवाला म्हणाला. “जुन्या मालकांचा पत्ता हवाय. ती माणसं हिला कशी सांभाळायची, ते विचारायचंय. आणि तुमच्याकडे लाकडी पट्ट्या आहेत का? हिच्या अंगाला मी फार भोकं पाडलीत, ती बुजवायची आहेत.”

मित्रांनो, जुनी वस्तू घरी आणलीत तर तिच्यावर संशय जरूर घ्या. मीही तुमच्यावर घेईनच. पण तिला खोटी म्हणण्याआधी ती नीट टेकली आहे ना, एवढं पाहा. कुलूप पिशवीत राहू द्या. आधी बशीभर पाणी ठेवा.