दोन सुती शर्ट

काय म्हणावं या नशिबाला! ज्या नवनाथला भीमराजने चाकणच्या रस्त्यावर गिअर टाकायला शिकवलं, ज्याने रिव्हर्स घेताना तीनदा आरसा फोडला, त्यालाच पेट्रोलच्या टँकरवर बोलावणं आलं. पगार आताच्या दुप्पट, वर पीएफ. आणि भीमराज पंधरा वर्षं गाड्यांचे सुटे भाग वाहतोय, होता तिथेच.

धोकादायक मालाचं ट्रेनिंग दोघांनी एकाच बाकावर बसून केलं होतं. लायसनवर नोंदही एकाच दिवशी झाली. त्याच दिवशी भीमराजने बिडी सोडली, कारण टँकरवाल्यांना बिडीवाला अजिबात चालत नाही. मग फोन नवनाथलाच का? भीमराजचा नुसता जळफळाट झाला.

त्यात परवा नवनाथ काळेवाडीच्या दुकानातून दोन शर्ट घेऊन आला. "दादा, टँकरवर सुतीच लागतं. टेरिकॉटनं ठिणगी उडती म्हणं."

अजून नोकरीचा पत्ता नाही आणि पठ्ठ्या दोन-दोन शर्ट घेतो! भीमराजला ते शर्टसुद्धा बघवेनात.

दुसऱ्या दिवशी दुपारी ट्रक टर्मिनलजवळच्या टपरीवर टँकरमालकाचे सुपरवायझर लक्ष्मणराव आले. ड्रायव्हर घेण्याआधी त्याच्या गाडीवरच्या जोडीदाराला चहा पाजून चौकशी करायची, ही त्यांची जुनी पद्धत.

"नवनाथ कसा आहे?"

"हात चांगला आहे हो," भीमराज म्हणाला. तेवढ्यावर थांबला असता तर! पण जीभ आवरली नाही. "फक्त बिडीचं तेवढं... गाडीत ओढतो कधीमधी."

लक्ष्मणरावांनी कप खाली ठेवला. पिशवीतून दोन फॉर्म काढले. एकावर नवनाथचा फोटो, दुसऱ्यावर भीमराजचा.

"लांबच्या फेरीला दोन ड्रायव्हर लागतात. तो म्हणाला, दादा असेल तरच येतो. तुमचा फॉर्मही त्यानंच भरून दिला. तुम्हाला आधी सांगू नका म्हणाला, नाही जमलं तर तुम्हाला वाईट वाटेल. तुमच्याबद्दल मी त्यालाच विचारलं. माणूस सोन्यासारखा आहे, बिडीसुद्धा सोडली, असं म्हणाला." त्यांनी दोन्ही फॉर्म एकत्र केले. "पण शेजारी बिडी ओढली तरी तुम्ही गप्प बसता. मग मला दोघंही नकोत."

ते उठले. रिक्षापर्यंत पोचले. भीमराज मागोमाग धावला.

"साहेब, खोटं बोललो मी. त्यानं आयुष्यात बिडीला हात लावलेला नाही. जळलो मी त्याच्यावर."

लक्ष्मणरावांनी रिक्षावाल्याला थांबायची खूण केली. मग त्यांनी नवनाथचा फॉर्म पिशवीत टाकला आणि भीमराजचा त्याच्या हातात परत दिला. "सोमवारी त्याला पाठवा. जोडीदार आम्ही बघू."

संध्याकाळी नवनाथ भीमराजच्या घरी आला. स्वतःचा शर्ट त्याने घातलाच होता. दुसरा, घडी न मोडलेला, त्याने भीमराजच्या मांडीवर ठेवला. माप भीमराजचंच होतं.

"ते नाही म्हणले व्हय रं दादा?" परत आलेला फॉर्म बघून नवनाथने विचारलं. "मी उद्या जाऊन भांडतो त्यांच्याशी. विचारतोच त्यांना, आमच्या दादात काय कमी हाय?"