एकशे अठराव्या पानापासूनचा वास

कादंबरीच्या एकशे अठराव्या पानापासून काचताईला कुजल्याचा वास येऊ लागला. रोज संध्याकाळी सात वाजता पुस्तक उघडले की दहा मिनिटांत तो येई. पुस्तक मिटून ती स्वयंपाकघरात गेली की नाहीसा होई. फॉर्मालिनच्या वाफेत बावीस वर्षे काढल्यामुळे एरवी तिला दूध करपल्याचाही वास येत नसे.

ती एका मोठ्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होती. शस्त्रक्रियेत काढलेले मांसाचे तुकडे मेणात बसवायचे, त्यांचे केसाहून पातळ काप काढायचे, ते काचेवर घेऊन रंगवायचे आणि निदानासाठी डॉक्टरांकडे पाठवायचे, हे तिचे काम. त्यावरूनच तिला काचताई हे नाव पडले होते. पित्ताशय असो की आतड्याचे वेटोळे, जेवणाच्या सुट्टीआधी आणि सुट्टीनंतर तिचा हात सारखाच चाले. नव्याने लागलेल्या मुली पहिल्या आठवड्यात तोंडाला रुमाल लावून बाहेर पळत. तिला त्यांचा राग येत नसे, पण त्या नेमक्या कशाला भितात हेही कळत नसे.

सत्तेचाळिसाव्या वर्षी तिने साहित्याच्या पदवीसाठी बाहेरून नाव नोंदवले. अठराव्या वर्षी वडिलांनी विज्ञानाकडे वळवले, ती वळली. त्याबद्दल तक्रार नव्हती. एक काम राहून गेले होते, एवढेच. दुसऱ्या वर्षाला एक जुनी भयकादंबरी नेमली होती. कड्यावरच्या महालात एक उमराव पहिल्या बायकोचे प्रेत मेणात मढवून भिंतीतल्या गुप्त दाराआड ठेवतो आणि दुसरी बायको करून आणतो. दुसरीला भिंतीतून वास येतो. सगळे तिला सांगतात, ओल आहे. या पुस्तकावर आठशे शब्दांचा वैयक्तिक प्रतिसाद लिहायचा होता.

काचताईला पुस्तक पहिल्यापासूनच शिसारी आणणारे वाटले होते. प्रेताची तिला शिसारी नव्हती; लेखकाने प्रेताचे जे लाड केले होते, त्यांची होती. अकरा वर्षांनंतर मेणाखालचा गाल गुलाबी राहत नाही. त्वचा करडी पडते, चरबीचा साबण होतो. आणि त्या गालावर ओठ टेकून उमराव दोन दोन पाने बोलत होता.

तिचे वाचन सासूबाईंच्या खोलीत, त्यांच्या पलंगाला खुर्ची लावून, मोठ्याने चाले. सासूबाई शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. दीड वर्षापूर्वी पक्षाघाताने डावी बाजू गेली. त्या बाजूची संवेदनाही गेली. जीभ मात्र शाबूत राहिली. मधुमेह जुनाच होता. नवरा बदलीच्या गावी असे, महिन्यातून दोनदा येई. दिवसा सासूबाईंपाशी एक बाई असे आणि सहा वाजता काचताई आली की ती निघे.

"अगं, तिला एवढा वास येतोय, तर ती खिडकी का उघडत नाही?" सासूबाईंनी विचारले.

"खिडकी उघडली तर कादंबरी संपेल, आई."

"मूर्ख आहे बाई. आमच्या शाळेत असती तर पट्टी खाल्ली असती." मग थोड्या वेळाने, "तुलाही येतो का गं वास? नाक मुरडतेस मघापासून."

"येतो. पण तो पुस्तकाचा. वर्णन वाचून मेंदू फसतो, असं होतं कधीकधी. माझं नाक तर केव्हाच मेलंय."

सासूबाई उशीवर जरा सैलावल्या. "मग वाच पुढे. त्या मेल्या उमरावाचं काय होतं ते कळू दे."

काचताईने हे सगळे प्रतिसादात लिहिले. लेखन भडक आहे, शरीरशास्त्र चुकीचे आहे, नायक किळसवाणा आहे, आणि तरीही लेखकाने एका मेलेल्या नाकाला वास दिला, असा तिचा मुद्दा होता. रविवारच्या वर्गात सरांनी तिलाच तो वाचायला लावला. सर तिच्याहून पंधरा वर्षांनी लहान होते.

"ताई, तुम्ही खरंच काचेखाली धरलंय हो पुस्तक," ते म्हणाले. "शेवटचं वाक्य ऐकून माझ्या अंगावर काटा आला. वार्षिक अंकात छापायचं हे. एक अक्षर बदलू नका."

मागच्या बाकावरचा विमा कचेरीतला कारकून म्हणाला, "आमचं नाक जिवंत असून आम्हाला काही आलं नाही. नुसती झोप आली."

वर्ग हसला, काचताईही हसली. तिच्या हातच्या हजारो काचा तपासल्या गेल्या होत्या; वाक्याला मात्र कोणी आजवर चांगले म्हटले नव्हते. घरी परतताना तिने ते वाक्य मनात तीनदा म्हटले, आणि तिसऱ्यांदा ते जरा जास्तच चांगले वाटले म्हणून स्वतःचीच लाज वाटली.

सोमवारी तिने ही हकिकत प्रयोगशाळेतल्या डॉक्टर मॅडमना सांगितली. मॅडम सूक्ष्मदर्शकावरून डोळा न काढता ऐकत होत्या.

"वास कुठे येतो?"

"घरी. वाचताना."

"फक्त घरी? मग तू इथे वाचून पाहिलंस? घरी दुसरं काही वाचून पाहिलंस?"

"नाही."

"म्हणजे कंट्रोल नाही, पडताळा नाही, आणि निष्कर्ष छापायला चाललाय. काचेवर असं केलं असतंस तर मी तुला घरी पाठवलं असतं."

मॅडम हे सहज म्हणाल्या, पण काचताईला ते चपराकीसारखे लागले, कारण ते बरोबर होते. जेवणाच्या सुट्टीत तिने रसायनांच्या कपाटाआडच्या कोपऱ्यात बसून एकशे अठरा ते एकशे चाळीस ही पाने मोठ्याने वाचली. उमराव भिंतीआड गेला, मेण तडकले, गाल दिसला. वास आला नाही. तिने पुन्हा वाचले. तिला कंटाळा आला आणि भूक लागली.

संध्याकाळी सात वाजता तिने सासूबाईंच्या पलंगाशी खुर्ची ओढली आणि कपडे धुण्याच्या यंत्राचे माहितीपत्रक उघडले.

"यंत्र सपाट पृष्ठभागावर ठेवावे. पाण्याची नळी..."

"हे काय काढलंस?" सासूबाईंनी विचारले.

"प्रयोग आहे, आई. दहा मिनिटं ऐका."

"मला नको ते. कादंबरी घे."

"दहाच मिनिटं." तिने वाचत ठेवले. गाळणी महिन्यातून एकदा स्वच्छ करावी, या सूचनेपाशी वास आला. गोडसर, जड, घशाच्या मागे चिकटणारा. माहितीपत्रकात कोणाचेही प्रेत नव्हते.

"कादंबरी घे म्हणते ना मी," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मुख्याध्यापिकेचा राहिला नव्हता.

काचताई उठली. तिने उशीपाशी श्वास घेतला, खिडकीपाशी घेतला, मग पलंगाच्या कडेने सरकत पायथ्याशी आली. तिथे तिचे मेलेले नाकसुद्धा चुकू शकत नव्हते. तिने पांघरूण उचलले. डाव्या पायात लोकरीचे मोजे होते, एकावर एक असे दोन.

"पायाला हात लावू नकोस."

"का, आई?"

"गार लागतं."

"या पायाला गार-गरम काही कळत नाही तुमच्या."

सासूबाईंनी तोंड भिंतीकडे वळवले. काचताईने वरचा मोजा काढला. आतला निघेना, टाचेपाशी तो कातडीला चिकटला होता. टोपात कोमट पाणी आणून, भिजवून तिने तो सोडवला, तेव्हा त्याच्याबरोबर टाचेचा थोडा भागही आला. खाली साडेतीन सेंटीमीटरचा खड्डा होता. कडा काळ्या, तळ हिरवट राखाडी, मधोमध हाडाचा पांढरा ठिपका. असे तिने शेकडो वेळा पाहिले होते, बरणीत, क्रमांक लावलेले. त्याला कधी मोजा नव्हता, आणि वर मान वळवून पडलेली बाई नव्हती.

तिला न्हाणीघरापर्यंत पोचता आले नाही. ती पाण्याच्या त्याच टोपात ओकली. मग दोन्ही हातांनी टोप घट्ट धरून उभी राहिली. अंगावर पाल पडावी तसे तिला आपलेच वाक्य आठवले: लेखकाने एका मेलेल्या नाकाला वास दिला.

"तुम्हाला माहीत होतं?" तिने विचारले.

"मोजा ओला लागायचा हाताला," सासूबाई भिंतीला म्हणाल्या. "आणि नाक काही माझं मेलेलं नाही."

"मग बोलला का नाहीत?"

"माझ्या थोरल्या बहिणीचा असाच पाय गेला. आधी बोट, मग घोटा, मग गुडघा. भाजी चिरावी तसा. म्हटलं, आपण जाऊ तेव्हा अख्खं जावं. आणि घाण वाटायची गं. तू यायचीस, जवळ बसायचीस. मग तूच म्हणालीस, पुस्तकाचा वास आहे. मला हायसं वाटलं. पुस्तक चालू असलं की तो माझा नसायचा."

काचताईने टोप रिकामा केला, हात धुतले आणि रुग्णवाहिकेला फोन लावला.

चौथ्या दिवशी, काचताईच्याच रुग्णालयात, पाय गुडघ्याखाली काढावा लागला. नवरा आला होता. तो दालनाबाहेर भिंतीला टेकून उभा होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला बाजूला होऊन वाट देत होता. दिवसभराची बाईही भेटायला आली. काचताई जिन्यापाशी तिच्यावर घसरली.

"एवढं होईपर्यंत सांगायचं नाही? माणूस आहेस की कोण आहेस?"

बाई शांतपणे म्हणाली, "सांगितलंय की, ताई. वहीत लिहिलंय."

"वहीत?"

"तुम्हीच बजावलंत ना पहिल्या दिवशी? तोंडी काही सांगू नका, तोंडी आपण धरत नाही, सगळं वहीत लिहा. मी रोज लिहिते. आजी सांगतात, तुम्ही रोज वाचत बसता पुस्तक, म्हटलं वहीपण बघत असाल."

काढलेला पाय दुपारी प्रयोगशाळेत आला. बरणीत मावेना म्हणून तो झाकणाच्या बादलीत होता. मॅडमनी क्रमांक पाहिला, नाव पाहिले आणि म्हणाल्या, "तू आज घरी जा. मी दुसऱ्या कोणाला तरी सांगते."

"दुसरी कोण आहे?" काचताई म्हणाली. दुसरी मुलगी पहिल्याच आठवड्यातली होती आणि आधीच रुमाल शोधत होती. मॅडमनी तुकडे घेतले, काचताईने ते मेणात बसवले. काप तिसऱ्या वेळी नीट आला.

आठवड्याने सासूबाई पलंगावर बसत्या झाल्या. पांघरूण एका बाजूला सपाट होते. तिकडे कोणी पाहू नये म्हणून त्या स्वतः सतत समोरच्याच्या डोळ्यांत पाहत.

"शेवटी सगळ्यांसमोर ते भिंतीतलं दार कोण उघडतं गं?" त्यांनी विचारले.

"कोणीच नाही. महालाला आग लागते."

"बरंय. लेखक सुटला."

सरांचा फोन आला. अंक छपाईला जात होता. काचताईने आपला प्रतिसाद परत मागितला. "ताई, असं करू नका," सर म्हणाले, "किती खरं लिहिलं होतं तुम्ही." ती म्हणाली, "खरं नव्हतं, सर. चांगलं लिहिलं होतं." आणि दुसरा देते म्हणाली. दुसरा आठशे शब्दांचा झाला नाही. गुण कापले गेले, त्याबद्दल तिने काही विचारले नाही. तो असा होता:

"या कादंबरीमुळे मला कुजल्याचा वास आला, असे मी आधी लिहिले होते. ते मागे घेते. तेच पान अन्यत्र वाचले असता वास आला नाही. त्याच जागी दुसरा मजकूर वाचला असता आला. वास माझ्या सासूबाईंच्या डाव्या टाचेचा होता. त्यांनी तो भीतीने आणि लाजेने लपवला. मी तो लेखकाच्या नावावर मांडला, कारण तसे लिहिलेले शोभत होते. त्यांच्या देखभालीच्या वहीत तीन तारखेला 'टाच लाल' अशी नोंद आहे. सात तारखेला 'फोड', अकराला 'फोड फुटला, आजी मोजा काढू देत नाहीत', चौदाला 'वास', आणि सोळा, सतरा, अठरा, एकोणीस या तारखांना 'ताईंनी बघावे'. तीन तारखेला उपचार झाले असते तर पाय राहिला असता, असे शल्यविशारद म्हणाले. वही पलंगाशेजारच्या मेजावर, माझ्या हाताच्या अंतरावर होती. पाय जाण्याचे कारण: वहीत लिहिले होते, मी वाचले नाही."